बँकॉकची बॅग आणि निपाणीचा टँक

निपाणीच्या एका तरुणाने विचारलंय. त्याचा मावसभाऊ बँकॉकला हॉटेलात कामाला आहे आणि दिवाळीला गावी येतोय. तिथल्या चतुचक बाजारात प्लाकाट जातीचे फायटर मासे आपल्याकडच्या मानाने फारच स्वस्त मिळतात. मग पंचवीस-तीस पिशव्या बॅगेत कपड्यांच्या घडीत घालून आणल्या तर चालेल का? नसेल चालत तर स्वतःच्या नावावर रीतसर मागवता येतील का? आणि त्यातच एखादं आशियाई आरोवाना माशाचं पिल्लू बसवता येईल का? शेवटी लिहिलंय, "काका, खरं काय ते सांगा."

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

बॅगेतून आणू नको. मावसभावाला आजच फोन करून सांग, नाहीतर हौसेने तो घेऊन बसेल. जिवंत मासा हा कायद्याच्या भाषेत पशुधन आहे आणि त्याच्या आयातीवर १८९८ चा पशुधन आयात कायदा लागतो. इंग्रजांच्या काळचा असला तरी आजही तोच चालतो. त्याखाली केंद्राच्या मत्स्य व पशुसंवर्धन मंत्रालयाकडून आधी 'सॅनिटरी इम्पोर्ट परमिट' घ्यावं लागतं. मासे विमानात चढण्याआधी ते हातात हवं, उतरल्यावर 'आता काढतो' म्हणून चालत नाही. शिवाय निघणाऱ्या देशातल्या सरकारी अधिकाऱ्याचं आरोग्य प्रमाणपत्रही लागतं. बँकॉकहून येणाऱ्या विमानांच्या सामानात साप, कासवं, माकडं सापडल्याच्या बातम्या तू वाचल्या असशीलच. त्यामुळे त्या विमानांच्या बॅगा मुंबईत काय किंवा चेन्नईत काय, जरा जास्तच निरखून बघतात. तिथे तुझ्या फायटरना कुणी वेगळा न्याय देणार नाही. मासे जप्त होतील, मावसभाऊ कस्टमच्या कायद्यात अडकेल, आणि परदेशात नोकरी करणाऱ्या माणसाच्या नावावर तसली नोंद बसणं म्हणजे काय, हे त्याच्या आईला विचार.

आता स्वतःच्या नावावर मागवण्याचं. कागदावर वाट आहे, खरं ती तुझ्या-माझ्यासाठी नाही. परमिट मिळवणाऱ्याकडे मासे वेगळे ठेवायची स्वतःची जागा हवी. त्या जागेची तपासणी होते आणि बाहेरून आलेला प्रत्येक लॉट तिथे १५ दिवस क्वारंटाइनमध्ये राहतो. मागवायच्या माशाचं नावही सरकारच्या यादीत असावं लागतं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांसोबत शोभेच्या माशांची जी यादी आली, तीत ९२ जाती होत्या. बाजारात दिसणाऱ्या रंगांच्या मानाने ती फारच लहान आहे. आणि यादीत नावं शास्त्रीय असतात. दुकानदाराने 'इम्पोर्टेड प्लॅटिनम ड्रॅगन' म्हटलं म्हणून त्या नावाने काही सापडणार नाही, 'बेटा स्प्लेंडेन्स' या फायटरच्या शास्त्रीय नावानेच शोधावं लागतं.

विमानतळाचंही तसंच. आपल्या भागातली माणसं नकाशा बघतात आणि म्हणतात, गोव्याचा मोपा विमानतळ तर इथेच आहे, चोर्ला घाट उतरला की झालं. मीही नवा विमानतळ सुरू झाला तेव्हा असंच म्हणालो होतो. जिवंत प्राणी मात्र केंद्राचं प्राणी क्वारंटाइन केंद्र असलेल्या ठिकाणीच उतरवता येतात. ती ठिकाणं म्हणजे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद. गोवा त्यात नाही, आणि बेळगावच्या सांबरा विमानतळाचं तर नावच काढू नको, तिथे परदेशी विमानच उतरत नाही. म्हणजे आपल्याला मुंबई किंवा बेंगळुरू. बेळगावाहून दोन्ही साधारण पाचशे किलोमीटर. इकडे जायचं की तिकडे, हा आपल्या जिल्ह्याचा जुना प्रश्न माशांनाही चुकलेला नाही. तुझं निपाणी मात्र मुंबईच्या बाजूला बरंच अलीकडे आहे, त्यामुळे तुझं उत्तर सोपं आहे.

पैशाचा हिशेबही एकदा करून बघ. विमान कंपनी पेटीचं नुसतं वजन धरत नाही, आकारमानही धरते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ६००० ने भागायचं. ६० बाय ४० बाय ४० ची थर्माकोलची पेटी घेतलीस तर हिशेब येतो १६ किलो. आत दहा पिशव्या असोत की शंभर, आणि काट्यावर पेटी नऊ किलो भरो, भाडं सोळाचंच. त्यावर कस्टम ड्युटी, क्लिअरिंग एजंट, तपासणीची फी, तिकडच्या पॅकिंगचा खर्च. चतुचकला शंभर रुपयांना दिसलेला मासा तुझ्या हातात पडेपर्यंत त्याची मूळ किंमत ही बिलातली सगळ्यात छोटी रक्कम झालेली असते. पंधरा-वीस पेट्या एकदम आणणाऱ्याला ते परवडतं.

म्हणून आमच्यासारखे लोक काय करतात, तर मुंबई, बेंगळुरू किंवा चेन्नईतला परवानाधारक इम्पोर्टर धरतात आणि चौघे-पाच जण मिळून त्याच्या पुढच्या लॉटमध्ये आपली मागणी घालतात. बेळगावच्या शहापूर-टिळकवाडीत आमचा असा एक गट आहे, कोल्हापूरचे दोघे त्यात येतात, अधूनमधून हुबळीचा एक कन्नड भाषिक मित्रही. वर्षातून दोनदा मागवतो, त्याहून जास्त नाही.

इम्पोर्टर खरा की खोटा हे ओळखायची माझी एकच कसोटी आहे आणि ती मला आजवर दगा देऊन गेलेली नाही. त्याला विचार, "मासे आल्यावर मला किती दिवसांनी मिळतील?" खरा माणूस म्हणेल, निदान पंधरा-वीस दिवस थांबा, माझ्याकडे क्वारंटाइन व्हायचं आहे, खायला लागू देत. आणि जो म्हणेल, "विमान रात्री उतरतं, सकाळी त्याच पिशवीत गाडीला घालतो, एकदम फ्रेश," त्याच्याशी पुढे बोलू नको. फ्रेश म्हणजे त्याने क्वारंटाइन गाळलंय, किंवा तो माल परमिटवर आलेलाच नाही. भाजी फ्रेश हवी, मासा थोडा शिळाच बरा. परमिटची प्रत दाखवायला सांग, त्यावर आपल्या माशाचं शास्त्रीय नाव आहे का वाच, आणि बिल घे. बिलाला लाजू नकोस, उद्या कुणी विचारलं तर तेवढाच कागद तुझ्या हातात असतो.

आरोवानाचं दोन वाक्यांत संपवतो, कारण त्यात सांगण्यासारखं 'नको' याशिवाय फारसं नाही. आशियाई आरोवाना साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूरसारख्या देशांतल्या नोंदणीकृत फार्मवर पैदास झालेलं, अंगात मायक्रोचिप बसवलेलं पिल्लूच कायदेशीर विकलं जातं, दोन्ही देशांचे साइट्सचे परवाने लागतात, आणि वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर इथे घरात ठेवायलाही केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. तुझ्या गल्लीतल्या दुकानात चंदेरी आरोवाना बोटभर दिसते ती वेगळी, ती ॲमेझॉनकडची. तीही चार फुटांच्या टँकात घालायची असेल तर तुला माझा सल्ला नको असणार.

आता जरा सावकाश वाच. कागदपत्रं इम्पोर्टरची असतात, ती त्याची डोकेदुखी. आपल्या हातात राहतो तो शेवटचा प्रवास आणि त्यानंतरचा महिना. मासे मरतात ते बहुतेक इथेच.

मासा एक नाही, दोन प्रवास करतो हे आधी लक्षात घे. पहिला बँकॉकच्या फार्मवरून इम्पोर्टरच्या टाकीपर्यंत. संध्याकाळी पॅकिंग, रात्रीचं विमान, चार-साडेचार तासांचं उड्डाण, उतरल्यावर तपासणी आणि कागद, मग टाकी. अठरा ते चोवीस तास धर. दुसरा मुंबईहून निपाणीपर्यंत, ट्रॅव्हल्सच्या गाडीने. रस्ता जेमतेम रात्रभराचा, पण पिशवी बंद झाल्यापासून तुझ्या हातात पडेपर्यंत बारा ते चौदा तास जातात. पहिल्या प्रवासाची काळजी करणारे भरपूर लोक असतात, कारण त्यात मोठा पैसा अडकलेला असतो. दुसऱ्याची काळजी करणारा तू एकटाच.

मी पहिल्यांदा मागवले ते डिस्कस जातीचे मासे होते, वीस. मुंबईहून रात्रीच्या गाडीला पेटी घातली. पेटीवर मोठ्या अक्षरात 'जिवंत मासे' लिहिलेलं होतं, तरी क्लीनरने ती डिकीत इंजिनाच्या बाजूला सरकवली होती. पहाटे हायवेला पेटी उतरवून घेतली तर थर्माकोल हाताला कोमट लागत होता. तरीही मासे जिवंत होते, सगळे. मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी एका पुस्तकी माणसाने सांगितल्याप्रमाणे सगळं शास्त्रोक्त केलं. पिशव्या उघडल्या, बादलीत ओतल्या, टँकमधून एअरलाइनची नळी सोडून थेंब-थेंब पाणी घालत बसलो. दोन तास. त्या दोन तासांत वीसपैकी अकरा गेले. मी गाडीला शिव्या घालत होतो. खरं तर त्यातले बरेचसे मी मारले होते, हे कळायला दोन वर्षं लागली.

ते कसं, सांगतो. बंद पिशवीत मासा श्वास सोडत राहतो. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळत जातो आणि पाणी हळूहळू आंबट होतं, म्हणजे पीएच उतरतो. त्याच वेळी माशाच्या अंगातून अमोनिया बाहेर पडत असतो. पण आंबट पाण्यात अमोनियाचा जवळपास सगळा भाग अमोनियम या रूपात राहतो, आणि ते रूप माशाला फारसं बाधत नाही. पीएच साडेसहा असेल तर विषारी अमोनियाचा वाटा एकूणाच्या ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे घाणीनेच घाणीला बांधून ठेवलेलं असतं. आता तू पिशवी उघडलीस. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो. त्यात तू वरून आपल्या बोअरचं आठ पीएचचं पाणी थेंब-थेंब घालतोस. पीएच आठला गेला की तोच विषारी वाटा सहा टक्क्यांच्या आसपास जातो. अमोनिया तितकाच, पण त्यातलं विष तीसपट. आणि मासा त्याच बादलीत दोन तास बसलेला. कल्ले जळतात त्याचे.

थेंब-थेंब पद्धत चुकीची नाही. जवळच्या दुकानातून तासाभरात आणलेल्या माशाला ती छान. आठ-दहा तासांपेक्षा जास्त बंद राहिलेल्या पिशवीला नाही. तिथे बंद पिशवीच टँकच्या पाण्यावर वीस-पंचवीस मिनिटं तरंगत ठेव, तापमान सारखं होऊ दे. मग पिशवी फोड, मासा हाताने किंवा मऊ जाळीने उचल आणि सरळ टँकात सोड. पिशवीतलं पाणी टँकात एक थेंब जाऊ देऊ नको.

मग पीएचचा धक्का बसत नाही का, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. बसतो, म्हणून ज्या टँकात सोडायचं त्याचं पाणीच आधीपासून माशाच्या सोयीचं करून ठेवायचं. इम्पोर्टरला दोन दिवस आधी फोन करून विचार, तुझ्या टाकीचा पीएच किती, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार किती. त्याच्या जवळपास आपलं पाणी आण. मासा इथल्या पाण्याला नंतर आठवडाभरात हळूहळू सरावेल, त्याची घाई नाही.

आणि आपलं पाणी म्हणजे कुठलं, हे प्रत्येक गावाला वेगळं आहे. खानापूर, कणकुंबीकडच्या तांबड्या मातीतलं विहिरीचं पाणी मऊ असतं, डिस्कसवाल्यांना हेवा वाटावा असं. चिकोडी, अथणीकडच्या काळ्या रानातल्या बोअरचं पाणी जड, किटलीला पांढरे थर देणारं. त्यात मोली, गप्पी मजेत राहतात, फायटर तग धरतो, पण पैदास हवी तशी होत नाही. निपाणीत गल्लीगल्लीत नळ आणि बोअर असं मिश्रण चालतं, त्यामुळे अंदाजाने काही सांगत नाही. टीडीएसचा मीटर घे, पीएचचं थेंबांचं किट घे आणि आठवडाभर रोज मोजून वहीत लिही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला ड्रमात एअरस्टोन सोडून एक दिवस ठेवलं तरी पुरतं. घाई असेल तर हायपोचे दोन-चार खडे. जुन्या फोटोस्टुडिओवाल्यांना विचार, हायपो म्हणजे काय ते सांगतील.

फायटरचं पॅकिंग बाकी माशांहून वेगळं असतं, तेही सांगून ठेवतो. इतर माशांच्या पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरतात. फायटरला कल्ल्यांच्या जोडीला लॅबिरिंथ नावाचा अवयव आहे, त्याने तो वरची हवा थेट घेतो. म्हणून त्याच्या पिशवीत पाणी अगदी मूठभर असलं तरी चालतं. बघणाऱ्याला वाटतं, किती हाल केलेत. हाल नाहीत ते, पाणी कमी म्हणजे वजन कमी आणि हिंदकळणंही कमी. एका पिशवीत एकच मासा, आणि पिशव्यांच्या मधे वर्तमानपत्र, नाहीतर एकमेकांना बघून रात्रभर गाल फुगवत बसतील. थाई भाषेत 'प्ला कात' म्हणजे चावरा मासाच. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर केलं, इतका त्यांना त्याचा अभिमान. पॅकिंगआधी एक दिवस उपाशी ठेवलाय ना, हे इम्पोर्टरला विचारायला विसरू नको. पोटभर खाऊन पिशवीत बसलेला मासा सकाळी आपल्याच घाणीत आडवा पडलेला असतो.

पेटी उतरवून घ्यायला स्वतः जा. निपाणीला गाडी हायवेलाच थांबते आणि ती पहाटे. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे पारा तेरा-चौदापर्यंत उतरतो. कुणीतरी 'ठेव पानपट्टीपाशी, सकाळी नेतो' म्हटलं आणि पेटी दोन तास उघड्यावर राहिली, तर बँकॉकच्या सव्वीस-अठ्ठावीस अंशांतून आलेल्या माशाचं काय होणार? उलट एप्रिलच्या दुपारी तीच पेटी टपावर ठेवली तर आत उकडतं. क्लीनरच्या हातावर चहापाण्याचे ठेवले आणि पेटी डिकीत न घालता आतल्या पॅसेजमध्ये ठेवायला सांगितली तर तो ऐकतो. हे मी डिस्कसच्या किमतीत शिकलो. दिवाळीच्या आसपासचा काळ चांगला आहे, मधला सप्टेंबर ते नोव्हेंबर, नाहीतर फेब्रुवारी ते मार्चचा पहिला आठवडा. जून ते ऑगस्ट मागवू नको. कधी घाटात दरड आली, कधी रस्त्यावर पाणी, आणि खानापूरच्या पावसात लाईट गेली की कधी येईल ते कुणी सांगावं.

पिशव्या आल्या की फोडायच्या आधी उजेडात एकेक पिशवी धरून व्हिडिओ काढ. मेलेला मासा असेल तर त्याची पिशवी बंद ठेवूनच फोटो पाठव. याला इम्पोर्टर लोक डीओए म्हणतात, आलं तेव्हाच मेलेलं. भरपाई कशी आणि किती तासांत कळवायचं हे ऑर्डर देतानाच ठरवून घे. पिशवी फोडून मग फोन केलास तर भला माणूसही शंका घेईल, आणि त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

आता महिनाभराचं बघू. "काका, इम्पोर्टरने पंधरा दिवस ठेवलेच की, मग परत मी कशाला?" असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. त्याच्याकडचे पंधरा दिवस देशासाठी असतात, तुझ्याकडचे तीस तुझ्या जुन्या माशांसाठी. त्याच्या शेडमध्ये शेजारच्या टाकीत दुसऱ्या देशातून आलेला दुसरा लॉट असतो. जाळी एकच, बादली एकच, पोरगा एकच.

माझ्याकडे गप्पींची एक ओळ होती, निळ्या शेपटीची, आठ पिढ्या जपलेली. इम्पोर्टेड म्हणून घेतलेले चार नवे गप्पी मी तीन दिवस वेगळे ठेवले आणि खातायत, नाचतायत बघून जुन्यांत सोडले. पाच-सहा आठवड्यांनी एका मादीच्या गुदद्वारातून लाल दोऱ्यासारखं काहीतरी लोंबताना दिसलं. मला वाटलं विष्ठा. ती कॅमेलॅनस नावाची जंत होती. तोवर सगळ्या टँकभर पसरली होती. जंत रक्त पिते, मासा खातोही नीट, पण पोट आत जातं आणि एके सकाळी तळाशी पडलेला दिसतो. लेव्हामिसोल हे जंताचं औषध मिळवेपर्यंत, मात्रा समजून घेईपर्यंत ती ओळ संपली. जनावरांच्या दवाखान्यातल्या औषधाच्या बाटलीवर गाई-शेळ्यांची मात्रा लिहिलेली असते, माशाची नाही. ते गणित त्या घाईत करायची वेळ येऊ देऊ नको.

क्वारंटाइनच्या टँकला थाट लागत नाही. दोन फुटांचा उघडा टँक, तळाला रेती नाही, झाडं नाहीत, एक स्पंज फिल्टर, एक हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. फायटर असतील तर बरण्या. स्पंज आधी महिनाभर जुन्या टँकात चालवून ठेव म्हणजे त्यात जिवाणूंची वस्ती तयार असते. नवाकोरा स्पंज म्हणजे नुसता स्पंज. या टँकची जाळी, नळी, बादली वेगळी, आणि रोज आधी जुन्या टँकची कामं उरकून मग इकडे यायचं, उलट कधीच नाही. पहिला दिवस लाईट बंद, खाणं बंद. दुसऱ्या दिवशी चिमूटभर. अंगावर मिठाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तापमान हळूहळू तीसपर्यंत ने आणि लिटरला दोन ग्रॅम जाडं मीठ टाक. बहुतेक वेळा तेवढ्याने निभावतं. मेथिलीन ब्लू, अँटिबायोटिक, जंताचं औषध असं सगळं 'आधीच टाकून ठेवतो' म्हणणारे लोक आहेत. आजार दिसत नसताना औषध घालू नये असं माझं मत, कारण थकलेल्या माशाला औषधही पचवावंच लागतं. आमच्या गटातल्या कोल्हापूरकरांचं मत वेगळं आहे आणि त्यांचे मासेही जगतात.

पिशव्यांतलं पाणी आणि क्वारंटाइनचं काढलेलं पाणी गटारात ओतू नको. ब्लीचिंग पावडर घालून तासभर ठेव आणि संडासात ओत. मेलेला मासा पुरायचा. आणि कंटाळा आला म्हणून कुठलाही परदेशी मासा वेदगंगेत, मार्कंडेयात, विहिरीत किंवा कपिलेश्वर तलावात सोडायचा नाही. 'टँक साफ करतो' म्हणून आणलेला सकर मासा देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत माजलाय, कोळ्यांची जाळी फाडतोय. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला अ‍ॅलिगेटर गार सापडला, तो काही पोहत गेला नव्हता. आपल्या बाजूला तर जपण्यासारखं बरंच शिल्लक आहे. इथून दीड-दोन तासांवर आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी एक बोटभर मासा शास्त्रज्ञांना २०२० साली नव्याने कळला, नदीच्याच नावाचा, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली.

लाईटचं एक राहिलं. फायटरला एअर पंप बंद पडला तरी फरक पडत नाही, वरून हवा घेईल. बाकी माशांसाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप ठेव. हीटर घरच्या इन्व्हर्टरवर लावायला जाऊ नको, थोड्या वेळात बॅटरी बसेल. थंडीत लाईट गेली तर टँकला चारही बाजूंनी थर्माकोल आणि वर जुनी गोधडी. आलेल्या पेटीचं थर्माकोल टाकून देऊ नको, त्याचाच उपयोग होतो.

किती मागवायचे? पंचवीस-तीस नकोत. प्लाकाटची एक जोडी जमली तर बुडबुड्यांच्या घरट्यातून एका खेपेला शंभर-दोनशे पिल्लं सहज निघतात, आणि नर मोठे झाले की प्रत्येकाला वेगळी बरणी. शंभर बरण्यांचं पाणी बदलताना घरची माणसं काय म्हणतील याचाही विचार कर. तीन नर आणि चार माद्या माग, चार ते सहा महिन्यांच्या वयाच्या. वर्ष उलटलेला नर दिसायला राजा, पैदाशीला आळशी.

पाणी किंचित आंबट आणि चहाच्या रंगाचं करायला विकतची बाटली लागत नाही. बदामाच्या झाडाची, म्हणजे आपल्या देशी बदामाची, आपोआप गळलेली तांबडी पानं धुऊन सुकव, दहा लिटरला एक मोठं पान पुरतं. थायलंडवालेही तेच वापरतात. रस्त्याकडेची, धुराची पानं घेऊ नको. माझ्याकडे कॅम्पातल्या एका बंगल्यातली दोन पोती सुकवून ठेवलेली आहेत. शनिवारच्या बाजाराला बेळगावात आलास तर पिशवी घेऊन ये.